झटपट फोटोची दुखणी

गेल्या वर्षी मार्च महिन्यात आमच्या ग्रंथालयातले काका सेवानिवृत्त झाले. चौतीस वर्षे त्यांनी पुस्तके काढून दिली, परत घेतली आणि प्रत्येकावर तारखेचा शिक्का मारला. इतक्या वर्षांत ग्रंथालयात बसलेला त्यांचा एकही फोटो कोणी काढलेला नव्हता. संमेलनाच्या फोटोंत ते असलेच तर खुर्च्या उचलताना, कडेला, अर्धे. म्हणून आम्ही चार मैत्रिणींनी ठरवले की निरोपाच्या दिवशी त्यांना फोटो द्यायचा, आणि तोही हातात, त्याच क्षणी. मोबाइलवरचा फोटो त्यांना कोण छापून देणार? माझ्या मामेभावाकडे झटपट फोटो देणारा कॅमेरा होता. वर्गणी काढून आम्ही दहा फोटोंचे एक पाकीट आणले. एका फोटोची किंमत कँटीनमधल्या दोघा-तिघांच्या वडापाव-चहाएवढी पडते, हे कळल्यावर जरा छातीत धस्स झाले, पण दहा फोटो म्हणजे खूप झाले असे वाटले.

दिवसअखेरचा हिशेब असा : दोन कोरे पांढरे, तीन जवळजवळ पांढरे, दोन काळोखे, एक पट्टे-पट्टे उठलेला, एक अस्पष्ट आणि एक बरा. त्या बऱ्या फोटोतही काकांचा चेहरा अर्धाच आला होता. शिक्का मारणारा उजवा हात मात्र पूर्ण आला होता. काकांनी तो फोटो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हात पुरा आलाय ना, मग झालं." त्यांनी तो खिशात ठेवला. आमच्या माना मात्र वर होईनात.

त्या नऊ वाया गेलेल्या फोटोंचे पुढे मी जे शवविच्छेदन केले, त्यातून हा लेख झाला. कॅमेऱ्यात बिघाड नव्हता, फिल्मही चांगली होती. नऊच्या नऊ चुका आमच्या होत्या, आणि प्रत्येक चुकीची खूण त्या फोटोवर स्पष्ट उमटलेली होती. फक्त ती वाचता यायला हवी.

थोडा इतिहास

झटपट फोटोची कल्पना एका लहान मुलीच्या प्रश्नातून निघाली असे सांगतात. १९४३ साली अमेरिकेतल्या सांता फे येथे एडविन लँड हा संशोधक कुटुंबासह सुट्टीवर गेला होता. त्याच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारले, "आत्ता काढलेला फोटो मला आत्ताच का नाही दिसत?" लँडने या प्रश्नाचे उत्तर २१ फेब्रुवारी १९४७ रोजी न्यूयॉर्क येथे शास्त्रज्ञांच्या सभेत प्रत्यक्ष फोटो काढून दिले. १९४८ च्या नोव्हेंबरात बोस्टनच्या एका दुकानात पोलरॉइडचा पहिला कॅमेरा विक्रीस आला. त्या काळी फोटोचे दोन कागद एकमेकांपासून सोलून काढावे लागत. १९७२ साली आलेल्या एसएक्स-७० या कॅमेऱ्याने ही सोलण्याची कटकट संपवली. फोटो सरळ बाहेर येऊन डोळ्यांदेखत उमटू लागला. पुढे अंकीय कॅमेरे आले, मागणी ओसरली आणि २००८ साली पोलरॉइडने फिल्म बंद करत असल्याचे जाहीर केले. परंतु नेदरलँड्समधल्या एन्सखेडे येथील कारखान्याची यंत्रे काही हौशी मंडळींनी वाचवली आणि २०१० पासून पुन्हा फिल्म तयार होऊ लागली. दरम्यान जपानच्या फूजी कंपनीने १९९८ साली इन्स्टॅक्स मिनी ही लहान आकाराची फिल्म काढली होती. आज आपल्याकडे तरुण मुलांच्या हातात दिसतो तो बहुधा याच जातीचा कॅमेरा.

आपल्या देशात कचेऱ्यांबाहेर आणि यात्रांतून पूर्वी पेटी-कॅमेरा घेऊन बसणारे फोटोग्राफर असत. काळ्या कापडात डोके घालून, पेटीतच रसायनात कागद बुचकळून ते काही मिनिटांत फोटो हाती ठेवत. त्यांच्या पद्धतीत आधी कागदावर उलटा फोटो होई आणि त्याचा पुन्हा फोटो काढून सुलटा करत. म्हणजे बिघडला तर दुसरी प्रत काढायची सोय होती. आपल्या या कॅमेऱ्यात ती सोय नाही. एक फिल्म, एक फोटो. चुकला तो चुकला.

आत काय घडते?

दुखणे ओळखायचे तर शरीररचना माहीत हवी. इन्स्टॅक्स मिनीचे एक पान ८६ मिलिमीटर लांब आणि ५४ मिलिमीटर रुंद असते, आणि त्यातला प्रत्यक्ष फोटो ६२ बाय ४६ मिलिमीटरचा. या पातळ पानात एकावर एक असे अनेक थर आहेत. त्यांतले मुख्य तीन : एक निळ्या प्रकाशाला जागणारा, दुसरा हिरव्याला, तिसरा तांबड्याला. या थरांच्या जोडीला अनुक्रमे पिवळा, किरमिजी आणि निळसर-हिरवा असे तीन रंग ठेवलेले असतात. पानाच्या एका कडेला, त्या पांढऱ्या पट्टीखाली, अल्कधर्मी लापशीची एक चिमुकली थैली असते.

बटण दाबले की प्रकाश थरांवर पडतो. मग कॅमेऱ्यातली मोटर पान दोन रोलरांच्या मधून बाहेर ढकलते. उसाच्या चरकात ऊस जावा तसे. थैलीची कड प्रथम रोलरांत सापडते, थैली फुटते आणि लापशी पानभर एकसारखी पसरते. तिच्यामुळे रंग सुटून वरच्या थराकडे प्रवास करू लागतात. मात्र ज्या ठिकाणी प्रकाश पडला असेल तिथला रंग वर येत नाही. उदाहरणार्थ, तांबडी साडी घेऊ. साडीवरून आलेल्या तांबड्या प्रकाशाने तांबड्याला जागणारा थर जागा होतो, त्याच्या जोडीचा निळसर-हिरवा रंग खालीच अडतो. पिवळा आणि किरमिजी हे दोघे वर येतात आणि त्यांच्या मिश्रणाने तांबडा दिसतो. शेवटी आतलाच एक आम्लाचा थर लापशीचा अल्कपणा मारून टाकतो आणि सारे काम थांबते.

यावरून एक सूत्र हाती लागते आणि पुढच्या सगळ्या निदानाची किल्ली तेच आहे. प्रकाश पडलाच नाही तर तिन्ही रंग वर येतात आणि फोटो काळा होतो. प्रकाश भरमसाट पडला तर एकही रंग वर येत नाही आणि फोटो पांढरा राहतो. म्हणून काळा फोटो म्हणजे उपासमार आणि पांढरा फोटो म्हणजे अजीर्ण.

आता एकेका तक्रारीकडे वळू.

तक्रार पहिली : पहिलाच फोटो काळा आला

ही तक्रारच नव्हे. नव्या पॅकमध्ये सर्वांत वर एक काळे झाकण-पान असते. पॅक बसवून पहिल्यांदा बटण दाबले की ते बाहेर येते. खालच्या फिल्मचे उजेडापासून रक्षण करणे एवढेच त्याचे काम. ते फेकून द्यावे. पाठीमागच्या खिडकीत आधी इंग्रजी 'एस' हे अक्षर असते, झाकण गेले की १० हा आकडा येतो आणि मग प्रत्येक फोटोगणिक एकेक कमी होत जातो.

आम्हांला हे ठाऊक नव्हते. ते काळे पान हातात येताच आमच्यातली एक म्हणाली, "अगं, कॅमेरा बिघडलाय बहुतेक, उघडून बघूया." इथून आमच्या खऱ्या दुर्दैवाला सुरुवात झाली.

तक्रार दुसरी : कोरा पांढरा, किंवा कडेने पांढरा

पॅक बसवल्यावर तो पूर्ण संपेपर्यंत पाठीमागचे दार उघडायचे नाही, हा या कॅमेऱ्याचा पहिला नियम. दार उघडले की उजेड आत शिरतो. वरचे एखाद-दुसरे पान पूर्ण जाते. खालच्या पानांना वरच्यांची पाठ आडोसा देते, म्हणून त्यांचे बहुधा कडांवरच निभावते. आमचे पहिले दोन्ही फोटो कोरे आले ते याच कारणाने. शिवाय दार उघडले की मोजणीचा आकडाही पुन्हा आरंभाला जातो, त्यामुळे किती शिल्लक आहेत याचा हिशेब चुकतो.

चुकून उघडलेच, तर चटकन बंद करा आणि शांतपणे पुढे चला. दोन पाने गेली असे समजा. "खरंच गेली का" हे पाहण्यासाठी पुन्हा उघडू नका. पॅक बसवताना पॅकवरची पिवळी खूण आणि कॅमेऱ्यावरची पिवळी खूण जुळवावी, पॅक दोन्ही बाजूंनी धरावा आणि त्याच्या पाठीवरची दोन चौकोनी छिद्रे बोटाने दाबू नयेत. पॅक भर उन्हात न बसवता सावलीत बसवावा.

तक्रार तिसरी : उन्हात काढलेला फोटो धुतल्यासारखा फिका

आमचे तीन फोटो या रोगाने गेले. काकांना आम्ही पिंपळाच्या पारावर बसवले होते. मार्चची दुपार, लख्ख ऊन, आणि कॅमेऱ्याची तबकडी मात्र 'घर' या चित्रावर.

इन्स्टॅक्स मिनी ९ सारख्या कॅमेऱ्यात भिंगाभोवती एक तबकडी असते. तिच्यावर घर, ढग, लहान सूर्य आणि मोठा सूर्य अशी चित्रे आहेत, शिवाय फोटो मुद्दाम उजळ हवा असेल तर एक वेगळी खूण. कॅमेरा उजेड मोजतो आणि योग्य चित्राशेजारी दिवा लावतो. पण तबकडी तो स्वतः फिरवत नाही, ती आपण फिरवायची असते. दिवा ढगापाशी लागला असताना तबकडी घरावर ठेवणे म्हणजे डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून द्यावी आणि आपण ती खिशातच ठेवावी, तसे आहे. २०२० साली आलेल्या मिनी ११ मध्ये ही तबकडी गेली आणि हे काम कॅमेरा आपले आपण करू लागला.

तबकडी फिरवल्याने प्रकाशाचे छिद्र लहान-मोठे होते. घरावर ते एफ १२.७ असते, मोठ्या सूर्यावर एफ ३२. आकडा मोठा तितके छिद्र लहान. या दोन टोकांत प्रकाशाचा फरक सहा पटींहून अधिक पडतो. म्हणजे आम्ही काकांना सहा माणसांचे जेवण एका ताटात वाढले होते.

आणखी एक गोष्ट हिशेबानेच कळते. छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा असा की, भर उन्हात छिद्र एफ १६ ठेवले तर फिल्मच्या वेगाइतक्या भागाचा सेकंद पुरतो. इन्स्टॅक्सच्या फिल्मचा वेग ८००, म्हणून सेकंदाचा ८०० वा भाग. छिद्र एफ ३२ केले तर चौपट वेळ, म्हणजे २०० वा भाग. पण मिनी ९ चे शटर नेहमी सेकंदाच्या ६० व्या भागापुरते उघडते. म्हणजे तबकडी मोठ्या सूर्यावर असली तरी आपल्या उन्हाळ्यातल्या दुपारी तिपटीहून जास्त प्रकाश आत जाणार! यावर उपाय एकच : माणसाला सावलीत आणा, नाहीतर सकाळ-संध्याकाळची वेळ धरा. माणसाच्या पाठीमागे झगझगीत आकाश ठेवू नका, कारण कॅमेरा चेहरा सोडून आकाशच मोजत बसतो.

तक्रार चौथी : सभागृहातला फोटो काळोखा

निरोपाच्या समारंभात प्राचार्यांनी काकांना शाल दिली. आम्ही चौथ्या रांगेतून दोन फोटो काढले. दोन्हींत पुढच्या खुर्चीची पाठ उजळ, व्यासपीठ अंधारात.

मिनी ९ चा फ्लॅश २.७ मीटरपर्यंत, म्हणजे जेमतेम नऊ फुटांपर्यंत, उपयोगी पडतो. प्रकाशाचा नियम कठोर आहे. अंतर दुप्पट केले की उजेड चौथाई, तिप्पट केले की नवमांश. व्यासपीठ आमच्यापासून वीस फूट होते. तिथे पोचला तो फ्लॅशचा उजेड कसला, त्याची नुसती बातमी. यावर तबकडीचा काही इलाज नाही, छिद्र आधीच पूर्ण उघडलेले असते. पुढे जाणे हाच उपाय. लाजून मागे बसणाऱ्याला फोटो मिळत नाही.

याच नियमामुळे गटाचा फोटो काढताना पुढची रांग पांढरी आणि मागची सावळी येते. सर्वांना कॅमेऱ्यापासून शक्य तितक्या सारख्या अंतरावर, किंचित कमानीत उभे करावे. पाठीमागे भिंत जवळ असू द्यावी, म्हणजे मागे काळे भगदाड दिसत नाही. काच, आरसा किंवा चकचकीत रंगाची भिंत समोरासमोर असेल तर फ्लॅश उलटून डोळा मारतो. तेव्हा जरा तिरके उभे राहावे. आणि सगळा फोटोच काळा ठिक्कर आला, तर आधी आपले बोट भिंगावर नव्हते ना हे पाहावे. फ्लॅशवर बोट असणे हा याच रोगाचा भाऊ.

तक्रार पाचवी : अस्पष्टपणा

याची दोन कारणे असतात आणि दोघांची खूण निराळी. पुढचा माणूस अस्पष्ट आणि मागची भिंत स्पष्ट असेल, तर तुम्ही फार जवळ होता. मिनी ९ ला ०.६ मीटर, म्हणजे दोन फुटांच्या आतले स्पष्ट दिसत नाही. त्याहून जवळ जायचे तर सोबत मिळणारे जोडभिंग लावावे लागते, आणि ते ३५ ते ५० सेंटिमीटरपुरतेच. आमच्या मैत्रिणीने काकांच्या गालाला गाल लावून हात लांब करून फोटो काढला. जोडभिंग घरी राहिले होते. दोघींची, क्षमा करा, दोघांची पिठाची बाहुली झाली.

सगळेच अस्पष्ट, किंवा फक्त हलणारी वस्तू अस्पष्ट असेल, तर कारण हालचाल. शटर सेकंदाच्या ६० व्या भागापुरते उघडे असते हे सांगितलेच. लेझीम खेळणाऱ्याचा हात सेकंदाला तीन मीटर वेगाने फिरत असेल, तर तेवढ्या वेळात तो पाच सेंटिमीटर सरकतो. मग फोटोत लेझीम न दिसता तिचा धूर दिसतो. खेळाडूचा हात वळण घेताना क्षणभर थांबतो, तो क्षण पकडावा. घरात, अंधारात, फ्लॅशच्या टप्प्यात असाल तर ही अडचण फारशी येत नाही, कारण फ्लॅशची चमक शटरच्या वेळेपेक्षा कितीतरी कमी टिकते.

तक्रार सहावी : पाहिले एक, आले दुसरे

काकांचा अर्धा चेहरा कापला गेला तो यामुळे. ज्या खिडकीला आपण डोळा लावतो ती भिंगाच्या बाजूला असते. डोळा पाहतो एका जागेवरून, भिंग पाहते दुसऱ्या जागेवरून. दहा फुटांवर हा फरक जाणवत नाही, पण दोन फुटांवर तो चांगलाच अंगाशी येतो. मी काकांचा चेहरा आणि हात खिडकीत अगदी काठोकाठ बसवले होते. भिंगाने चौकट जराशी सरकवली आणि चेहऱ्याची एक बाजू बाहेर गेली.

उपाय सोपा आहे. जवळचा फोटो असेल तर खिडकीतून नीट जुळवून घ्यावे आणि मग बटण दाबण्यापूर्वी कॅमेरा खिडकीच्या बाजूला तेवढाच सरकवावा, म्हणजे जिथे डोळा होता तिथे भिंग येते. हे जमत नसेल तर चारी बाजूंना सढळ जागा सोडावी.

तक्रार सातवी : पट्टे, डाग, कोरे कोपरे

आमचा आठवा फोटो सावकाश, कुरकुरत बाहेर येऊ लागला. धीर न धरवून एकीने तो ओढला. लापशी एकसारखी पसरण्यासाठी पान एकाच वेगाने रोलरांतून जावे लागते. ओढल्याने ते धक्क्याधक्क्याने गेले आणि काकांच्या सदऱ्यावर आडवे पट्टे उमटले. पान पूर्ण बाहेर येऊन मोटरचा आवाज थांबेपर्यंत हात लावू नये. फोटो बाहेर येण्याच्या फटीवर बोटे असणार नाहीत अशा बेताने कॅमेरा धरावा.

कुरकुर होण्याचे मूळ कारण सेल उतरलेले होते. मिनी ९ ला दोन पेन्सिल सेल लागतात. फ्लॅशचा दिवा तयार व्हायला फार वेळ लागू लागला की समजावे, सेल दमले. दोन्ही एकदम बदलावेत, एक जुना एक नवा अशी जोडी लावू नये.

ठरावीक अंतरावर तोच डाग पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर रोलरवर वाळलेल्या लापशीचा खडा बसलेला आहे. रोलर जितक्या वेळा फिरला तितक्या वेळा त्याने शिक्का मारला. पॅक संपल्यावर दार उघडून, किंचित ओल्या मऊ कापडाने रोलर हळूच फिरवत पुसावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत. थिनर किंवा स्पिरिट वापरू नये. लापशी शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचलीच नाही आणि तिथे कोरा त्रिकोण राहिला, तर बहुधा फिल्म मुदत उलटलेली असते आणि थैलीतली लापशी सुकत आलेली असते. पाकिटावरची तारीख घेतानाच पाहावी.

तक्रार आठवी : रंग भलतेच

फोटो उमटणे ही रासायनिक क्रिया असल्यामुळे हवामानाचा तिच्यावर परिणाम होतो. इन्स्टॅक्स ५ ते ४० अंश सेल्सिअसपर्यंत वापरता येते आणि साधारण दीड मिनिटात फोटो उमटतो. थंडीत वेळ जास्त लागतो. पोलरॉइडची फिल्म अधिक नाजूक, तिला १३ ते २८ अंश मानवतात. थंडीत तिचे फोटो निळसर आणि फिके होतात, उन्हाळ्यात पिवळट-तांबूस. रंगीत फोटो पूर्ण उमटायला तिला दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि बाहेर येताच तो उजेडापासून झाकावा लागतो. विदर्भातल्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तिथे उन्हात फोटो उमटू देणे म्हणजे रसायनांची परीक्षा पाहणे. सावलीत, खिशाबाहेर ठेवावा. उलट महाबळेश्वरच्या थंडीत सदऱ्याच्या आत, अंगाच्या उबेला ठेवावा.

न उघडलेली पाकिटे थंड, कोरड्या जागी ठेवावीत. शीतकपाटात ठेवली तर बर्फाच्या कप्प्यात नको, आणि वापरण्यापूर्वी तासभर आधी बाहेर काढून ठेवावीत, नाहीतर दवाने ओल धरते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत पॅक भरलेला कॅमेरा विसरू नये. विमानप्रवासात फिल्म हातातल्या सामानात ठेवावी. तळघरात जाणाऱ्या सामानाच्या क्ष-किरणांनी ती खराब होते.

फोटो झटकणे : एक जुनी खोड

फोटो बाहेर आला की तो हवेत झटकायचा, हे सर्वांना कसे कोण जाणे ठाऊक असते. सोलून काढण्याच्या काळी वरचा भाग ओलसर राही, तो वाळावा म्हणून लोक फोटो हलवत. आता सगळे पारदर्शक आवरणाच्या आत घडते, वाळायला बाहेर काही नसतेच. झटकल्याने लाभ शून्य, उलट थर वाकून, सुटून डाग पडण्याची भीती. २००३ साली एका इंग्रजी गाण्याने ही खोड पुन्हा लोकप्रिय केली, तेव्हा २००४ मध्ये पोलरॉइडलाच सांगावे लागले की कृपा करून झटकू नका. फोटो टेबलावर ठेवावा आणि बघत बसावे. त्यातच तर खरी मौज आहे.

विजोड जोड्या

जुना पोलरॉइड कॅमेरा घरात सापडला आणि नवी फिल्म घातली तरी तो मेलेलाच, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. जुन्या एसएक्स-७० आणि ६०० या कॅमेऱ्यांना स्वतःचा सेल नसतो. त्यांच्या फिल्मच्या पॅकमध्येच एक चपटी बॅटरी असते. नव्या आय-टाइप फिल्ममध्ये ही बॅटरी नाही, म्हणून ती जुन्या कॅमेऱ्यात चालत नाही. ६०० ची फिल्म मात्र नव्या आय-टाइप कॅमेऱ्यात चालते. एसएक्स-७० ची फिल्म ६०० च्या फिल्मपेक्षा चौपट मंद आहे, तेव्हा त्यांचीही अदलाबदल करू नये. इन्स्टॅक्समध्ये मिनी, स्क्वेअर आणि वाइड असे तीन आकार आहेत. एकाची फिल्म दुसऱ्यात बसत नाही.

फोटो कापून आत काय आहे ते पाहण्याचा मोह आवरावा. ताजी लापशी दाहक असते. हाताला लागली तर भरपूर पाण्याने धुवावे, डोळ्यांत गेली तर पाण्याने धुऊन लगेच डॉक्टर गाठावा. तयार फोटो उन्हाच्या खिडकीत लावू नये, रंग उडतात. आणि मागे मूळ प्रत नाही हे ध्यानात ठेवून त्याच दिवशी मोबाइलने त्याचा एक फोटो काढून ठेवावा.

शेवटी

एवढे सगळे समजायला मला चार महिने आणि आणखी दोन पॅक लागले. मग जुलैमध्ये, पाऊस उघडला होता अशा एका सकाळी, आम्ही चौघी काकांच्या घरी गेलो. ग्रंथपालबाईंकडून आम्ही जुना, बाद झालेला तारखेचा शिक्का मागून नेला होता. काका ओसरीवर बसले. उजेड ढगाळ होता, तबकडी ढगावर केली. चार फूट अंतर मोजून घेतले. सेल नवे होते. पाठीशी चुन्याची भिंत. मी चौकटीत चारी बाजूंना जागा सोडली, बोटे तपासली आणि एकदाच बटण दाबले. फोटो आपल्या गतीने बाहेर आला. कोणी ओढला नाही, कोणी झटकला नाही. तो पाटावर ठेवला आणि सगळे वाकून पाहत बसलो. आधी भिंत आली, मग सदरा, मग चष्म्याच्या काड्या, आणि शेवटी पूर्ण चेहरा.

काकांनी आतून मार्चमधला तो अर्ध्या चेहऱ्याचा फोटो आणला आणि दोन्ही शेजारी-शेजारी ठेवले. काकू म्हणाल्या, "आता तो जुना टाकून द्या की." काका म्हणाले, "छे! तो हापिसातला आहे."

तेव्हा मला कळले की ओसरीवरच्या फोटोत चेहरा आला, पण मागे पुस्तकांची कपाटे नव्हती. ती त्या एकाच फोटोत होती, आणि तो क्षण आता कोणालाही परत काढता येणार नव्हता. म्हणून वाचकहो, विनंती एवढीच. यंदा कोणाला निरोप द्यायचा असेल, तर हा लेख आदल्या दिवशी वाचा आणि एक फोटो सरावासाठी खर्च करा. राहिलेले नऊ मग कामी येतील.